हौदातले पाच दिवस

बाजारात काकूंच्या मासळीच्या ओट्यासमोर गिऱ्हाईक थांबलं की पहिला प्रश्न ठरलेला असे. भाव नंतर, ताजेपणा त्याच्याही नंतर. आधी, "नदीचा की तळ्यातला?"

"तळ्यातला," काकू ठणकावून सांगत.

मग गिऱ्हाइकाचा चेहरा असा उतरे, की भेटीचा खोका मोठ्या हौसेनं उघडावा आणि आतून हातरुमाल निघावा. तरी माणूस लगेच पुढे सरकत नसे. कल्ले उघडून बघे, लाल आहेत म्हणून मान हलवे. पाठीवर बोट दाबून बघे, मांस घट्ट आहे म्हणून पुन्हा मान हलवे. मग सगळं मनासारखं असूनही शेजारच्या ओट्यावर जाऊन, डोळे पांढरे झालेला मासा नदीचा म्हणून दीडपट भावानं घेऊन जाई. शेजारची मासळीवाली तो तालुक्याच्या कुठल्या तळ्यातून आणते ते अख्ख्या बाजाराला माहीत होतं. गिऱ्हाइकाला तेवढं सोडून सगळं कळायचं.

"अहो काकू, म्हणा ना नदीचा!" शेजारीण हजारदा सांगून चुकली होती. "मासा काय उठून चहाडी करणार आहे?"

"मासा नाही करणार. पण बोलायचं तोंड माझं आहे ना."

काकू हट्टी होत्या हे त्यांच्या घरातही मान्य होतं. घरात म्हणजे दोनच माणसं, त्या आणि त्यांचे यजमान, आचारीकाका.

काका एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं आचारी होते. सकाळ-संध्याकाळ चारशे ताटं. कुणाला मीठ वर्ज्य, कुणाला तिखट, कुणाला नुसती पेज. हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. वॉर्डात कुणी ताट तसंच परत पाठवलं तर हा माणूस ओले हात पुसत स्वतः खाटेपाशी जाऊन उभा राहायचा. "का हो, आवडलं नाही?" एकदा तर ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या एका म्हाताऱ्याला यांनी दया येऊन गुपचूप केळं दिलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, डॉक्टरांनी काकांना फैलावर घेतलं, आणि काका घरी येऊन म्हणाले, "पण त्याचा चेहरा बघायला हवा होतास."

तर अशा माणसाला साठाव्या वर्षी हार घालून घरी पाठवलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोघांसाठी वीस माणसांचं सूप केलं. दुसऱ्या आठवड्यात दहा माणसांचं. मग स्वयंपाकघरात जायचंच बंद केलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. आठ महिने बसले. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर बोलायचे. काकूंना रोज सकाळी धास्ती वाटायची, की आज उठवायला गेले आणि हा माणूस उठलाच नाही तर?

काकांना तळ्यांनी उठवलं. गावाबाहेर एका जमीनमालकाची दोन तळी भाड्यानं मिळाली. काकांनी बोटुकली आणून सोडली, बोटाएवढी पिल्लं, आणि सकाळ-संध्याकाळ खाद्य घालायला सुरुवात केली. महिन्याभरात मासे त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून काठाशी गर्दी करू लागले. चारशे ताटं गेली, चार हजार तोंडं आली! काका शीळ वाजवत घरी यायला लागले. काकूंनी ओटा घेतला तो त्या शिळेपायी. त्यांना स्वतःला मासा फारसा आवडतही नसे.

आता इथे घोडं असं अडलं होतं, की माशाला वास यायचा. रोज नाही, पण यायचा. चिखलाचा, मातकट, भिंतीला ओल आली की येतो तसा. बाजारात सगळ्यात तिखट नाक एका आजींचं. त्यांना सगळे नाकवाल्या आजीच म्हणत. त्या मासा उचलून नाकाशी धरत, डोळे मिटत, आणि निकाल देत. "बाई, दिसायला मासा देखणा आहे गं तुझा. पण शिजवला की तळं पानात येतं."

काकू हसून घेत. पण गिऱ्हाइकं तुटत होती. त्यातच जमीनमालकाचा निरोप आला. या महिनाअखेर पक्कं सांगा, तळी पुढे चालवणार की सोडणार? सोडणार असाल तर बुजवून गोदाम बांधायचं आहे. काकांनी निरोप ऐकला. त्या संध्याकाळी ते तळ्यावरून शीळ न वाजवता आले.

अशा वेळी बाजारात चिठ्ठीबाई आली.

बसथांब्यासमोरच्या मोठ्या दुकानासाठी ती माल निवडायची. वय असेल तिशीचं, खांद्याला पिशवी, पिशवीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे. ओट्याओट्यावर उभी राहून ती गिऱ्हाइकांना विचारायची, काय बघून मासा घेता, कशाला चार पैसे जास्त द्याल, आणि उत्तरं लिहून घ्यायची. लोक तिच्यासमोर फार शहाण्यासारखं बोलायचे. पाणी स्वच्छ हवं, खाद्य चांगलं हवं, मासा जवळपासचा हवा. आणि तिची पाठ वळली की सगळ्यात स्वस्त कुठला ते विचारायचे.

काकूंच्या ओट्यापाशी तिनं अर्धा तास काढला. काकूंचं "तळ्यातला" हे ठणठणीत उत्तर तिनं चारदा ऐकलं आणि चारदा गिऱ्हाईक गेलेलं पाहिलं.

"काकू, मासा चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "वास येतो तो तळ्याच्या तळाचा. विकायच्या आधी पाच दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवायचा. आणि एक दाणासुद्धा खायला घालायचा नाही. खाल्लं की पाण्यात घाण होते, आणि गेलेला वास परत अंगाला चिकटतो. पाच दिवस पाळलेत तर नदीचा मासासुद्धा झक मारेल."

"आणि मग?"

"रविवारी दुकानात चव बघायला लोक बोलावलेत. तीन ताटल्या ठेवणार आहे. तुमचा मासा लोकांना पटला तर दर आठवड्याला सगळा माल दुकान घेईल."

काकूंनी तिला धरून दोन वेळा सगळं वदवून घेतलं. मग घरी जाऊन काकांना सांगितलं. पाच दिवस वाहतं पाणी, हे ऐकताना काका मान हलवत होते. एक दाणाही नाही, हे ऐकल्यावर मान थांबली.

"पाच दिवस?"

"पाच."

"रोज थोडंसं तरी?"

"अहो, थोडंसंसुद्धा नाही!"

"बरं," काका म्हणाले. त्यांच्या 'बरं'वर काकूंचा काडीचा विश्वास नव्हता. केळ्याची गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या.

सोमवारी मागच्या अंगणातला सिमेंटचा हौद घासून काढला. पंप लावला, पाइप लावला, एका बाजूनं पाणी येईल आणि दुसऱ्या बाजूनं झाडांना जाईल असं केलं. मंगळवारी पहाटे चाळीस मासे आणून सोडले. खाद्याचं पोतं काकूंनी कपाटात घातलं, कुलूप लावलं, आणि किल्ली कमरेला खोचली. पावाचा डबा स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला. काका घरातून बाहेर निघाले की काकू त्यांचे खिसे चाचपून बघत.

"पोलीस तरी बरे," काका म्हणाले.

"पोलिसांचं तुमच्याशी लग्न झालेलं नाही."

काकांनी खरंच काही घातलं नाही. पण त्यांचे हाल बघवत नव्हते. मासे बिचारे त्यांच्या पावलांचा आवाज ओळखणारे. काका अंगणाच्या दारात आले की चाळीसच्या चाळीस वर येऊन तोंडं उघडत. मग काकांनी चपला बदलल्या. त्यानं भागलं नाही, म्हणून अनवाणी चालून बघितलं. शेवटी अंगणात जायचं तर काकूंच्या मागे, त्यांच्या पावलावर पाऊल टाकून चालत, म्हणजे माशांना वाटावं काकूच आल्यात. मासे तरीही वर येत.

"कसं कळतं गं त्यांना?" ते कळवळून विचारत.

गुरुवारी काकूंना तळ्यावरच्या राखणदारानं बाजारात गाठलं. "काकू, कालचा भात एकदम झकास होता. आजची भाजी जरा खारट झाली बघा."

काकूंना आधी काही उमगेना. मग उमगलं. काकांचा दुपारचा डबा मंगळवारपासून राखणदार खात होता. आणि रात्रीचं? रात्री "आज दुपारी जड झालं" म्हणून काका दोन घास चिवडून उठत होते. मधुमेहाची गोळी घेणारा माणूस, आणि तीन दिवस जवळजवळ उपाशी!

ओटा शेजारणीवर टाकून काकू घरी आल्या. काका अंगणात जाणाऱ्या पायरीवर बसले होते, हौदाकडे पाठ करून.

"जेवलात?"

"हो."

"काय होतं डब्यात?"

काका म्हणाले, "अगं, ते तिकडे तोंड उघडून बसलेत. माझ्या जिवावर बसलेत. आणि मी डबा उघडायचा? घास आत जात नाही, तर काय करू?"

"म्हणजे त्यांनी खाल्लं तरच तुम्ही खाणार?"

"रविवारी खाईन की. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

काकूंनी आकांडतांडव केलं. गोळ्यांची भीती घातली, सासरी असलेल्या मुलीला फोन करीन म्हणून धमकावलं, शेवटी पाया पडते म्हणाल्या. काकांनी अर्धा पेला दूध घेतलं. संध्याकाळी पंपाचा पाइप सरळ करायला वाकले ते उठताना भिंतीला धरून तसेच खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. काकूंनी तोंडात साखर घातली, गार पाण्यानं कपाळ पुसलं, आणि आत आणून निजवलं.

शुक्रवारी ओटा बंद राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी काका झोपले होते. काकू अंगणात आल्या आणि हौदाच्या कडेला टेकल्या. मासे त्यांच्याकडे बघायलाही वर आले नाहीत. त्यांच्याकडून काही मिळत नाही हे माशांना पक्कं ठाऊक होतं. काकू हिशोब मांडत बसल्या. पैशांचा नव्हे. रविवारी मासा पटला तर तळी राहतील. तळी राहिली तर माणूस राहील. पण माणूस तर आत्ताच आत पडलाय! मग तळी ठेवायची कुणासाठी?

त्यांनी कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं.

आधी एकच मूठ टाकली. हौदात जी खळबळ उडाली ती बघून काकू दचकून मागे सरल्या. मग आणखी एक मूठ टाकली. मग, आता टाकलंच आहे तर, तिसरी. एक बारका मासा कडेला राहून गेला होता, मोठे त्याला पुढे येऊ देत नव्हते. त्याच्यासाठी चौथी मूठ वेगळी, त्याच्या तोंडापुढे टाकली. "घे रे मेल्या," काकू पुटपुटल्या. काका रोज काय अनुभवतात ते त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि रडू आलं. कपाटाला कुलूप लावून, हात साबणानं दोनदा धुऊन त्या आत गेल्या.

संध्याकाळी त्यांनीच काकांना हाताला धरून अंगणात आणलं. "चला, बघा तरी. त्यांना सवय झाली. आता मागत नाहीत."

काका आपल्या नेहमीच्या चपला घालून, नेहमीच्या चालीनं हौदापाशी गेले. मासे तळाशी स्वस्थ होते. एकानं तेवढं शेपूट हलवलं. काका बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काकूंकडे बघितलं.

"खरंच की गं," ते म्हणाले. "मागत नाहीत."

त्या रात्री काका जेवले. शनिवारी दोन्ही वेळा जेवले, डबा रिकामा आणला. काकूंनी दिवसभर पंप चालू ठेवला. वाहून जाईल, सगळं वाहून जाईल, असं त्या स्वतःला बजावत होत्या. काकांनी पंपाबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

रविवारी दुकानात लांबलचक टेबल मांडलं होतं. त्यावर तीन ताटल्या, लाल, निळा आणि पिवळा ठिपका लावलेल्या. मासा नुसता मिठात वाफवलेला, म्हणजे चव लपायला जागा नको. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. खाऊन बघा, कसा वाटला लिहा, किती द्याल लिहा. मग ताटलीखालचं कार्ड उलटून मासा कुठला ते वाचा, आणि किती द्याल ते पुन्हा लिहा. सगळ्यात खाली तिसरा प्रश्न होता, 'माशाबद्दल तुम्हाला आणखी काय जाणून घ्यायचं आहे?'

"तो प्रश्न मी उगाच ठेवते," चिठ्ठीबाई काकूंना म्हणाली. "तिथे कधीच कुणी काही लिहीत नाही."

काका इस्त्रीचा सदरा घालून भिंतीशी उभे होते. पिवळा ठिपका आपला, एवढं दोघांना माहीत होतं.

एक धावायचे बूट घातलेले गृहस्थ लाल ताटलीतला तुकडा खाऊन डोळे मिटून म्हणाले, "हा नदीचा. ही गोडी नदीशिवाय येतच नाही." आणि घसघशीत आकडा लिहिला. कार्ड उलटलं तर दुसऱ्याच कुणाच्या तळ्यातला मासा! गृहस्थांनी घसा खाकरला, आकडा खोडला, आणि कमी करून लिहिला. तोंडातली गोडी तीच होती, पण आता तिला ते तेवढे द्यायला तयार नव्हते. निळा खरोखर नदीचा होता. तो कुणालाही विशेष वाटला नाही, पण कार्ड उलटल्यावर सगळ्यांना भलताच आवडायला लागला. काकूंना इतर कुठल्याही दिवशी हसू आवरलं नसतं.

नाकवाल्या आजी पिवळ्या ताटलीशी आल्या. तुकडा नाकाशी धरला, डोळे मिटले.

"चिखल," त्या म्हणाल्या.

त्यांच्यानंतर आणखी कुणी तेच म्हणालं, मग आणखी कुणी. एका बाईंनी लेकीला दिलेला तुकडा परत घेतला. चिठ्ठीबाईनं स्वतः एक तुकडा खाल्ला आणि कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे आली.

"काका, पाच दिवस पाळले होते ना? अगदी पुरते?"

"नाही," काका म्हणाले. "माझी चूक. मला राहवलं नाही. शुक्रवारी मी खायला घातलं."

काकूंना आपण काय ऐकलं तेच कळेना. "खोटं बोलतायत हे!" त्या जवळजवळ ओरडल्या. "यांनी नाही घातलं. मी घातलं!"

"हिचं ऐकू नका हो. मला वाचवायला बोलतेय."

"अहो, तुम्ही झोपला होतात!"

"झोपलो होतो, मेलो नव्हतो."

टेबलाशी चघळणारी तोंडं थांबली होती. चिठ्ठीबाई एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. "पण का घातलं? ज्यांनी कुणी घातलं त्यांनी?"

"हे जेवत नव्हते म्हणून!" काकूंचा बांध फुटला. "मासे उपाशी, म्हणून हेही उपाशी. चार दिवस! चक्कर येऊन पडले. मग मी काय करायला हवं होतं? मासे पोटभर खाऊन तळाशी बसले की यांना वाटेल, सवय झाली. मग जेवतील. आणि जेवलेसुद्धा. यांना काही माहीत नाही."

"मला माहीत नाही?" काका भिंत सोडून पुढे आले. आवाज मात्र चढला नव्हता. "अगं, तीस वर्षं वॉर्डात ताटं वाढली मी. पोट भरून गप्प पडलेला कोण आणि आशा सोडून गप्प पडलेला कोण, मला कळत नाही होय? मी हौदापाशी गेलो त्याच क्षणी कळलं."

"मग बोलला का नाहीत? जेवलात कसे?"

"तू घातलंस म्हणून जेवलो. तुला तळ्यांचं काय होईल ते कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. तरी माझ्यासाठी घातलंस. त्यावर मी ताट बाजूला सारायचं?"

काकूंनी पदरानं तोंड दाबून धरलं. काका त्यांच्या दंडाला हात लावून नुसते उभे राहिले, वॉर्डात खाटेपाशी उभे राहायचे तसे.

पहिल्यांदा तोंड उघडलं नाकवाल्या आजींनी. त्यांना गळे काढलेले खपत नसत. "ते झालं तुमचं. पण मला सांगा, पाच दिवस धड उपाशी ठेवला तर हा वास जातो, हे खरं?"

"लाल ठिपक्याचा तसाच ठेवलेला होता," चिठ्ठीबाई म्हणाली. "तुम्हीही त्याला नदीचाच म्हणालात, आजी."

"म्हणाले असेन." आजी काकूंकडे वळल्या. "मग तुझा कधी मिळेल?"

"आजी, माझा कशाला? लाल ठिपक्याचा चांगला आहे."

"चांगला आहे गं. पण उद्या त्याला वास आला तर मला कोण सांगणार आहे? तू आपल्या तोंडानं सांगतेस. बाजारात दोन वर्षं बघतेय, आज इथेही बघितलं. मला नाकानं कळायच्या आत ज्यानं सांगितलं, त्याला मी दोन पैसे जास्त देईन."

धावायचे बूटवाले गृहस्थ म्हणाले की आपलंही तेच मत आहे, आणि आधीपासून होतं.

लोक पांगल्यावर चिठ्ठीबाई गठ्ठा घेऊन बसली. पिवळ्याला भाव पडेल मिळाले होते. "काकू, मी खोटं सांगत नाही. हा मासा मी आज घेऊ शकत नाही. पुढच्या रविवारी परत आणा. त्या वेळी पटला तर घेईन, नाही तर नाही." मग तिनं चिठ्ठ्या पालथ्या करून पुढे सरकवल्या. तिसऱ्या प्रश्नाखाली, जिथे कधीच कुणी काही लिहीत नाही, तिथे अकरा जणांनी आपापल्या अक्षरात लिहिलं होतं, या काका-काकूंचा मासा कधी येणार? एकीनं खाली जोडलं होतं, काकांची तब्येत कशी आहे तेही कळवावं.

खात्री कसलीच नव्हती. महिना मात्र दोन दिवसांत संपत होता. काकूंनी दुकानातूनच जमीनमालकाला फोन लावला आणि सांगितलं, "तळी आम्हालाच हवीत. गोदाम दुसरीकडे बांधा." काकांना विचारलंही नाही.

मंगळवारी पुन्हा चाळीस मासे हौदात आले. किल्ली यावेळी नाकवाल्या आजींकडे होती. काकूंनीच नेऊन दिली होती, कारण आता त्यांचा स्वतःवरही भरवसा राहिला नव्हता. पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका तळ्यावरून आले, हात-पाय धुतले, आणि कुणी न बोलावता हौदापाशी गेले. चाळीसच्या चाळीस वर आले, तोंडं उघडून. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांनी हाक मारली नाही. घास या माणसाच्या घशाखाली कसा उतरेल ते त्यांनाच समजत नव्हतं.

काका बराच वेळ उभे होते. मग आत आले. डोळे ओले होते ते त्यांनी लपवले नाहीत. पंच्याला हात पुसले, स्वतःच दोन ताटं घेतली, एक काकूंसमोर ठेवलं, एक आपल्यासमोर, आणि बसले.

आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना वाढलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उभ्या उभ्या चार घास खाल्ले, तो माणूस मान वर करून म्हणाला, "वाढ गं. भूक लागलीय."